बिनबंदुकीचे साल

सावखेडीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गोष्टी ठरत. माहेरी आलेल्या पोरींचा झोका कोणत्या निंबाला बांधायचा ही एक, आणि सालदारांनी पुढचे वर्ष कुणाकडे राबायचे ही दुसरी. सालदार चावडीच्या ओट्यावर ओळीने बसत, मालक समोर उभे राहत, बोलाचाली होई आणि साल ठरे. त्या ओळीच्या शेवटी रुपचंद दगा बोरसे बसायचा. त्याला कुणा एका शेतकऱ्याने ठेवलेले नव्हते. तो साऱ्या गावाचा सालदार होता आणि हरणे मारणे हे त्याचे काम होते.

गाव बुराई नदीच्या काठी. नरडाण्याच्या स्टेशनावर गाडी शिट्टी द्यायची ती वारा असला तर गावात ऐकू यायची. गावाच्या उत्तरेला माळ होता, मुरमाचा, कुसळी गवताचा, मधूनमधून हिवराची झुडपे असलेला. माळाच्या तिन्ही बाजूंना काळ्या जमिनीची वावरे लागलेली. माळावर हरणांचा कळप असे आणि वावरात गावाचे पीक असे. दोहोंच्या मध्ये बांधापलीकडे काही नव्हते. हरभऱ्याचे शेंडे, दादर ज्वारीचे कोवळे कोंब, भुईमुगाचा पाला हे हरणांना माळापेक्षा गोड लागे, यात नवल नव्हते.

रुपचंद लढाईच्या दिवसांत फौजेत गेला होता. माणसावर गोळी झाडण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. आसामातल्या कुठल्याशा रेल्वे डेपोवर तो पहारा देत असे आणि फावल्या वेळात बंदूक पुसत असे. तो परत आला, देश स्वतंत्र झाला, आणि ‘अधिक धान्य पिकवा’ असे सरकार भिंतीभिंतींवर लिहू लागले. पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचे परवाने मिळतात ही बातमी धुळ्याहून आली, तेव्हा गावात बंदूक हातात धरलेला माणूस एकच होता. गावाने वर्गणी काढून ठासणीची एक जुनी बंदूक घेतली. परवाना रुपचंदच्या नावाचा झाला. त्याच्या वाट्याला बापाची थोडी जमीन, एक बैलजोडी, एक गाडी आणि बायको सुंदरबाई एवढेच होते, त्यात बंदुकीची भर पडली. खळ्यावर रास पडली की प्रत्येक घराने त्याला एक टोपले धान्य द्यायचे, असे ठरले.

मग प्रश्न आला तो पुराव्याचा. त्याने हरीण मारले हे गावाला कळणार कसे?

दुसऱ्या गावात हा प्रश्न आला नसता. मारलेले हरीण गावात आणले असते, कातडे वाळत घातले असते, घराघरांत चूल पेटली असती. पण सावखेडीत पटकीच्या साथीनंतर म्हाताऱ्यांनी गावदेवीला नेम बोलला होता, की गावकुसाच्या आत मांस येणार नाही आणि रक्ताचा थेंब सांडणार नाही. दोन पिढ्या तो नेम कुणी मोडला नव्हता. म्हणून मेलेले हरीण ओढ्यापलीकडे भिलाटीत जाई. पुना भील रुपचंदची गाडी हाके, आणि मांस-कातडे त्याचे असे. गावात यायची ती फक्त शिंगे. पुनाच्या अंगणात ती उकळून, घासून, धुऊन घेतलेली असत. त्यांना रक्ताचा वाससुद्धा नसे. आखाजीच्या दिवशी रुपचंदने वर्षाची शिंगे पोलीसपाटील मोतीलालआबांपुढे ठेवायची, आबांनी ती हातात घेऊन बघायची आणि चावडीच्या तुळईला टांगायची. एकदा कोवळ्या नराची वीतभर शिंगे आली, तेव्हा आबा म्हणाले, “ह्या काय शेळीना लई उना का रे भो?” तेव्हापासून हातभर लांबीची, पुरती पीळदार शिंगेच मोजायची असा दंडक पडला.

या दंडकातली चूक गावाच्या लक्षात यायला सात वर्षे लागली. हरणीला शिंगे नसतात.

रुपचंदला ती पहिल्याच वर्षी कळली होती, पण त्याने तिला चूक म्हटले नव्हते. बंदुकीची दारू धुळ्याहून आणावी लागे, तीही बेताने मिळे. जिला शिंगे नाहीत तिच्यावर बार कशाला खर्च करायचा? एवढाच त्याचा विचार. त्याला हरणांची दया येत होती असे म्हणणे खोटे होईल. काळवीट पडला की तो जवळ जाऊन आधी शिंगांवरून हात फिरवी, टोके शाबूत आहेत ना ते बघे. हरणी वाचत होत्या, वीत होत्या, कळप होता तेवढाच राहत होता. जीवराम पाटलाचा हरभरा दर साल खाल्ला जात होता आणि चावडीची तुळई दर साल शिंगांनी भरत होती. तुळईकडे बघून गावाला वाटे की काम चालले आहे.

मारण्याची पद्धत साधी होती. बैलगाडीला हरणे भीत नसत. जन्मल्यापासून त्यांनी गाड्या बघितलेल्या असत. पुना गाडी हाकी, रुपचंद गाडीच्या आडबाजूने चाकाजवळून चाले. गाडी कळपाकडे सरळ कधी जायची नाही. ती माळावर मोठा फेरा घेई, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. हरणे मान वर करीत, बैल बघत, पुन्हा खाली बघत. शेवटच्या फेऱ्याला पुना बैलांना नुसते चुचकारी, गाडी थांबे आणि साट्याच्या लाकडी चौकटीवर नळी टेकवून रुपचंद बार काढी.

सातव्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत एकही शिंग हाती लागले नव्हते आणि माळावर पुरत्या शिंगांचा एकच नर उरला होता. पाठ डांबरासारखी काळी, पोट पांढरे. पुना त्याला काळ्या म्हणे. बाकीचे नर पोरसवदा होते. त्यांची शिंगे आबांनी हातात घेतली नसती, आणि काळ्यापुढे त्यांना हरणींजवळ उभेही राहता येत नव्हते. काळ्या गाडीच्या फेऱ्यात दोनदा आला. दोन्ही वेळा रुपचंदने नळी टेकवली आणि उचलली.

“दारू भिजनी का?” पुनाने विचारले.

“नही.”

“मंग?”

“याले मारं तं पुढला साले आबाले काय दखाडू?”

पुनाने बैलांचे कासरे सैल सोडले आणि हसून म्हणाला, “तुना दाना याना शिंगडामा शे तं.”

ते तसेच होते. काळ्या मेला तर या आखाजीला साल टिकेल आणि पुढच्या आखाजीला संपेल. हरणी रिकाम्या राहतील, पोरसवदा नर वाढेपर्यंत शेजारगावचे शिकारी उरलेला कळप संपवतील. काळ्या जगला तर साल आताच संपेल, कारण दाखवायला शिंगे नाहीत. रुपचंद चैत्रभर याच दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी त्याने घरच्या खुंटीकडे बघितले.

खुंटीवर शिंगांचा एक जोड होता. बंदूक आल्यावर पहिल्यांदा मारलेल्या काळविटाची ती शिंगे, चावडीची रीत पडण्याआधीची. सुंदरबाई खाट विणताना त्यांच्या टोकात दोरी अडकवून ताण देई. लाकडी खुंटीपेक्षा ती चांगली चालत. रुपचंदने ती उतरवली, तेल लावून पुसली, आणि आखाजीला धोतराच्या फडक्यात बांधून चावडीवर नेली.

ओट्यावर गर्दी होती. आबांनी गाठ सोडली, एक शिंग उचलून डोळ्यांजवळ धरले.

“औंदा एकच जोड?”

“एकच, आबा.”

“लांब तं शे,” आबा म्हणाले, आणि टांगायला दोरी मागितली. तेवढ्यात आबांची थोरली बहीण भागाबाई ओट्याशी आली. पोरींच्या झोक्याला दोर कमी पडत होता आणि मोटेचा जुना नाडा चावडीत ठेवलेला असे. नाडा मागता मागता तिची नजर आबांच्या हातावर गेली.

“अरे देवा! ह्या आठे कशा उन्हात?”

“काय, आक्का?”

“ह्या शिंगडा. ह्या तं सुंदरबाईना शेतस. गया महिनामा मी ह्यासवरच खाट ताणी.”

“कोनी खाट?”

“मनी! तू ज्यावर दुपारले घोरस ना, ती.”

ओटा हसला. मग हसणे थांबले. गल्लीतल्या निम्म्या घरांनी ती शिंगे मागून नेली होती. शिंगे हातोहात फिरू लागली आणि ज्याने त्याने टोकाजवळची ती खाच ओळखली, जी दोरीने वर्षानुवर्षे घासून पडली होती. रुपचंदने एवढी साधी गोष्ट विसरावी हे कुणाला पटेना. पण गावात भांडी आणि शिंगे सारखीच फिरतात, आपले म्हणून काही नसते, हे त्याच्या इतके अंगवळणी पडले होते की त्याच्या ते ध्यानातच आले नव्हते.

जीवराम उठून उभा राहिला. त्याचे वावर माळाला लागून होते. “मना हरभरा बठ्ठा खाई गयात, आनि आठे खाटना शिंगडा टांगतस!”

“खरं काय शे ते सांग, रुपचंद,” आबा म्हणाले.

रुपचंदने सांगितले. एकच नर उरला आहे, तो आपण मारला नाही, मारला तर कळप संपेल. हरणी आजवर एकही मारली नाही.

“एकबी नही?” जीवरामचा आवाज चिरकला. “म्हंजे आमना दाना खाईसन तू हरनं पाळात!”

“तुम्ही शिंगडा मांगात, मी शिंगडा दिधात. हरनीले शिंगडा नही ऱ्हातस, जीवरामभाऊ.”

यावर सगळे एकदम बोलू लागले. आबा वर तुळईकडे बघत होते. ती शिंगे त्यांनी स्वतः टांगली होती. गाव आपल्याच बुद्धीने फसले, हे पाटलाला उघड म्हणता येत नव्हते. त्यांनी बंदूक जमा करायला सांगितली. साल मोडले. आबांचा पुतण्या भटू याच्याकडे स्वतःची बाराबोरी बंदूक आणि स्वतःचा परवाना होता. तो म्हणाला, चार दिवसांत काळ्याला पाडतो, मग हरणी एकेक करून. त्याला गाडी जीवरामने देऊ केली.

घरी सुंदरबाई दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती.

“बंदूक गई?”

“गई.”

“गई ते गई. मना शिंगडा कोठे शेत?”

“चावडीमा ऱ्हायनात.”

“मंग जा, लई ये. भागाबाईनी खाट व्हयनी, आपली अजून झोळ पडेल शे.”

तो शिंगे आणायला परत गेला. सणाचा दिवस, झोके चालू होते, पोरी गाणी म्हणत होत्या. चावडीत कुणी नव्हते. त्याने शिंगे काखेत घेतली आणि तुळईखाली उभा राहिला. सहा वर्षांचे काळवीट तिथे दोरीने टांगलेले होते. त्याला वाटले, आपण कळप राखला तो बंदुकीने. बंदूक होती तोवर माळावरच्या प्रत्येक हरणाला धनी होता. वाईट का असेना, धनी होता. आता कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी जुंपली. घासलेटचे रिकामे डबे दोरीने चाकांच्या बाजूला बांधले. गोफण कमरेला खोचली. भिलाटीत जाऊन पुनाला म्हणाला, “चाल.”

“बंदूक नही, मांस नही. मी काब्र येऊ?”

“गाडी तुले हाकता येस म्हनीसन.”

पुना डब्यांकडे बघत राहिला, मग गोणपाट झटकून गाडीवर चढला.

कळप हिवराच्या झुडपांजवळ होता. गाडी आली तशी हरणांनी माना वर केल्या, बैल बघितले, पुन्हा चरू लागली. गाडीने फेरा घेतला नाही. ती सरळ निघाली. डबे खणाणले, पुना ओरडला, बैल उधळल्यासारखे झाले, आणि तरीही हरणे उभीच राहिली. गाडी इतकी वर्षे त्यांच्याभोवती फिरत आली होती, ती आपल्याला काही करील यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. रुपचंदने खाली उडी मारून गोफण फिरवली. दगड एका हरणीच्या कुशीत बसला. ती आडवी झाली, उठली आणि पळाली. दुसरा दगड काळ्याच्या शिंगावर लागला. टक्, असा कोरडा आवाज आला. काळ्या उभ्या जागी उंच उडाला आणि त्याच्या मागे सगळा कळप उड्या घेत माळाच्या उतारापलीकडे गेला.

“सात वरीस यासले सांगं, गाडीले भ्यू नका,” पुना धापा टाकत म्हणाला. “आते सांगी ऱ्हायनूत, भ्या!”

“आते खरं सांगी ऱ्हायनूत.”

रोज सकाळी त्यांनी हेच केले. वेगवेगळ्या बाजूंनी, कधी डब्यांसह, कधी डब्यांशिवाय, कधी नुसती गाडी उभी करून आडून दगड मारत. सणाची सुट्टी संपवून भटू जीवरामच्या गाडीतून निघाला, तोवर हरणांना गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याची टोपी दिसली तरी पुरे झाले होते. गाडी माळावर चढली आणि कळप पलीकडून उतरला. भटूने पायी प्रयत्न केला. माळावर माणसाला आडोसा नाही. त्याने लांबून दोन बार उडवले, ते हवेत गेले. मग लग्नसराई आली, भटूला वरातींची बोलावणी आली आणि बाराबोरी वरातीत वाजू लागली.

गावात ही गोष्ट लपली नाही. “बंदूक काढी लिधी तं हाऊ डबा वाजाडस,” असे म्हणून लोक हसले. जीवरामने महिनाभर त्याच्याशी बोलणे टाकले. रुपचंदचे ते वर्ष वाईट गेले. स्वतःच्या तुकड्यात बाजरी होती तेवढीच. सुंदरबाई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेली. गाडी भाड्याने घालून त्याने नरडाण्याला कापूस वाहिला, पण सकाळची फेरी चुकवली नाही. का चुकवत नाही असे सुंदरबाईने एकदा विचारले. तो म्हणाला, आता सोडले तर हरणे विसरतील.

त्या वर्षी जे झाले ते कुणी ठरवले नव्हते. गाडीला भिणारा कळप गाडीरस्त्याच्या बाजूची वावरेही टाळू लागला. पेरणीला, निंदणीला, खत टाकायला गाड्या येत-जात राहिल्या आणि त्या बाजूला हरणांचे पाय उमटले नाहीत. दिवाळीनंतर जीवरामने हरभरा पेरला आणि मोडकी गाडी बांधावर नेऊन उभी केली, कुणाला काही न सांगता. पाठोपाठ इतरांनीही जुने साटे, निकामी चाके, मोडकी जुवे ओढत नेऊन बांधांवर ठेवली. त्या हिवाळ्यात लांबून बघणाऱ्याला वाटावे की सावखेडीचे लोक गाड्या पेरतात. उभ्या गाडीची भीती हरणांच्या मनातून उतरू लागली की रुपचंद आणि पुना त्या गाडीमागे दडून बसत आणि गोफणीने ती भीती पुन्हा बसवत.

पुढच्या आखाजीला तो ओट्यावर जाऊन बसला. त्याला कुणी बोलावले नव्हते.

“बंदूक नही, शिंगडा नही,” आबा म्हणाले. “मंग आम्ही मोजानं काय?”

 जीवराम दुसरीकडे बघत म्हणाला, “मना हरभरा मोजा.”

अर्धे टोपले ठरले. लोक त्याला ‘बिनबंदुकीचे साल’ म्हणू लागले, थट्टेत. मग थट्टा जुनी झाली आणि नाव राहिले. त्या पावसाळ्यात काळ्याची पाडसे माळावर दिसली. रुपचंदने कळप वाचवला की आपले साल, हे त्याने स्वतः कधी वेगळे करून बघितले नाही. दोन्ही एकाच दोरीला बांधलेली होती, आणि दोरी तुटली नव्हती, इतकेच त्याला पुरेसे होते.

मग जीप आली.

सत्तावन्नचा हिवाळा होता, रविवारची सकाळ. आग्रा रोडवरून धुळ्याची काही शौकीन मंडळी आली. त्यांच्या जीपला टप नव्हता. हरणांनी मान वर केली. बैल नव्हते, जू नव्हते, टोपी घातलेला धुरकरी नव्हता, डबे नव्हते. गुरगुरणारे काहीतरी जवळ येत होते आणि त्यात भिण्यासारखे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. ती उभी राहिली. रुपचंद माळाच्या दुसऱ्या टोकाला होता. बार ऐकून तो पळत आला तेव्हा हरणी जीपमध्ये भरणे चालले होते. त्यांच्या माना मागच्या फळीवरून लोंबत होत्या. एका तरण्या माणसाने रुमालाने हात पुसत त्याला विचारले, “काय हो, इथे प्यायला पाणी कुठे मिळेल?”

रुपचंदने विहिरीकडे बोट दाखवले. दुसरे काय करावे ते त्याला सुचले नाही. गोफण त्याच्या हातात होती.

काळ्या त्या वेळी ओढ्याच्या अंगाला होता म्हणून वाचला. अर्धा कळप गेला.

जीप जाताना आबांच्या हरभऱ्यातून गेली. हरणांसाठी कुणी धुळ्याला गेले नसते, हरभऱ्यासाठी आबा स्वतः गेले. कचेरीतून त्यांना दुसऱ्या कचेरीत पाठवले, तिथून तिसऱ्या. पंधरवड्याने जंगलखात्याचे रेंजर निकुंभ आले, तेही जीपनेच. शिरपूरकडचा माणूस, बोलणे शहरी पण अहिराणी सगळी समजणारा. त्यांनी चाकांचे माग बघितले, विहिरीवर जाऊन विचारपूस केली, जबाब घेतले आणि चावडीवर बसून चहा घेतला.

“परवान्याशिवाय हरीण मारता येत नाही,” ते म्हणाले. “कायदा होऊन पाच-सहा वर्षं झाली.”

“आम्हले कोनी सांगं?” आबा म्हणाले.

“खरंय. मलाच सांगायला वेळ कुठे मिळतो? माझं रान सातपुड्याच्या पायथ्याचं. हा माळ कागदावर रानात मोडतच नाही. तुमची तक्रार आली म्हणून आलो.” त्यांनी वर तुळईकडे बघितले, शिंगांवरून नजर फिरवली आणि काही विचारले नाही. “मुंबईच्या बाजूला सरकार एक रान राखतंय. तिथे कुऱ्हाड नाही, बंदूक नाही. लोकांनी जायचं, बघायचं, परत यायचं. दुसऱ्या देशांत अशी मोठमोठी रानं आहेत म्हणतात.”

“मंग आठे करा ना तसं!” जीवराम म्हणाला.

“करू की. कुणाच्या वावरात करू? तुमच्या?”

ओटा हसला. जीवरामही हसला, जरा उशिराने.

“माझे आजोबा सांगायचे,” निकुंभ म्हणाले, “या माळांवर चित्ते होते. हरणांमागे धावायचे.”

“मना बापनी देखेल,” आबा म्हणाले.

“मग गेले कुठे?”

आबांनी बशी खाली ठेवली. “कोनी मोजाच नहीत, साहेब. एक दिवस दखायनात नहीत.”

रेंजर उठले. जबाबावर अंगठे झाले होते, जीपवाल्यांचा माग काढू म्हणाले, आणि लागेलच असे नाही, हेही म्हणाले. रुपचंद एवढा वेळ खांबाला टेकून उभा होता. तो जीपपर्यंत त्यांच्या मागे गेला.

“साहेब, तुमनी जीप एक डाव माळवर पळाडतस का?”

“कशाला?”

“हरनंसवर.”

निकुंभांनी त्याच्याकडे नीट बघितले. “अहो, मी त्यांना राखायला आलोय. पिटाळायला नाही.”

“मी गाडीनं भ्याव घाला. जीप मनाजोडे नही.” रुपचंदला पुढचे शब्द सापडायला वेळ लागला. “तुम्ही जाशात. त्या लोके परत येतीन. तव्हय हरनं उभाच ऱ्हातीन.”

ड्रायव्हर तोंड फिरवून हसू दाबत होता. निकुंभ माळाच्या दिशेला बघत राहिले. हरणांच्या रक्षणासाठी हरणांवर जीप घातली, हे वरिष्ठांना कसे सांगायचे, याचा विचार ते करत असावेत. मग ते पुढच्या बाकावर बसले आणि मागे वळून म्हणाले, “चढा.”

पुना ओढ्याजवळ भेटला, त्यालाही घेतले. त्याच्याजवळ डबा होताच.

कळप माळाच्या मध्यावर होता, पूर्वीच्या निम्मा. काळ्या एका बाजूला. जीप मुरमावरून निघाली. हरणांनी माना वर केल्या आणि तशाच ठेवल्या. जीप जवळ गेली, आणखी जवळ. पुना डबा बडवत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, हरणे उभी होती. काळ्याचे कान पुढे झाले, बस्स. तो बैल शोधत असावा.

“सावकाश, सावकाश! लागेल एखादीला!” निकुंभ ओरडले.

रुपचंद मागच्या फळीवर गुडघा रोवून उभा राहिला. एका हाताने गज धरलेला, दुसऱ्या हातात गोफण. जीप हिंदकळत होती. पहिला दगड कुठेतरी गवतात गेला. दुसरा काळ्याच्या खांद्यावर बसला, आणि त्याच क्षणी ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. काळ्या उडाला. हरणी उडाल्या. पाडसे आधी चुकीच्या दिशेला पळाली, मग वळली. सगळा कळप उतारापलीकडे गेला आणि माळ रिकामा झाला.

ड्रायव्हरने जीप थांबवली. इंजिन बंद झाले.  मग लांब, पलीकडच्या चढावर हरणे पुन्हा दिसली. थांबून, माना वळवून ती इकडेच बघत होती.

“चालू कर,” निकुंभ म्हणाले.

ड्रायव्हरने इंजिन चालू केले. जीप जागची हलली नव्हती, तोच चढावरचे काळे आणि तांबडे ठिपके निघाले.

निकुंभांनी घड्याळ बघितले. त्यांना शिरपूरला पोचायचे होते. रुपचंद खाली वाकून दगड वेचत होता. ओंजळ भरली तसा तो पुन्हा फळीवर चढला.

“आते मांगला अंगथीन,” तो म्हणाला. “एकच बाजूनं शिकाडं तं दुसरी बाजूनं मरतीन.”

निकुंभांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

“वळव,” ते म्हणाले.